खाली ठोकलेले खिळे

टॉवर क्रमांक १४२ जवळ
९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र येऊन एक महिना आणि चार दिवस झाले. पहिल्याच दिवशी वाचलं आणि त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. मग पेन सापडेना. पेन सापडलं तेव्हा तुझं पत्र सापडेना. दोन्ही सापडली त्या दिवशी आमच्या टोळीचा स्वयंपाकी पळून गेला आणि आठवडाभर चूल माझ्या गळ्यात पडली. माझ्या हातचं खाऊन दोघं आजारी पडले, ते अजून ऐकवतात. ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण यातलं एकही नाही. मी टाळत होतो. तू विचारलंस, आईला बघायला कधी येतोस. त्याला ‘येतो’ एवढंच उत्तर आहे, आणि ‘येतो’ लिहिलं की यावं लागतं.

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवत होते तेव्हा मी कुंपणावर बसलो होतो. त्यामुळे सगळा मानपान तू मनातच धरून घे. दाजींना नमस्कार सांग. आईला सांग मी जाड झालोय. खोटं आहे, पण सांग.

फोन करू नको म्हणालीस ते बरंच झालं. तुमच्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे मालकीणबाई कान लावून बसतात आणि इथे दिवसभर आम्ही टॉवर उभे करतो, पण फोनला मेला टॉवर मिळत नाही. हे पत्रही तुझ्या रोपवाटिकेच्या पत्त्यावरच पाठवतोय.

माझं काम बदललंय, ते तुला सांगायचं होतं. आता मी खांबावर चढत नाही. मी पुढचा माणूस झालोय. म्हणजे असं बघ, विजेची मोठी लाइन पुढे सरकते तशी चाळीस माणसांची टोळी सरकते. पण टोळी पोचायच्या आधी कोणीतरी पुढे जाऊन गावात खोल्या बघून ठेवायला लागतात. तो मी. मुकादम म्हणतो, तुझं तोंड चालतं ते एकदाचं कामाला लाव.

यात एक युक्ती आहे, माझी मीच काढलेली. गावात शिरलो की मी दारं बघत नाही, वाळत घातलेले कपडे बघतो. मालकाचे कपडे पुढच्या अंगणात असतात, भाडेकरूचे मागच्या बाजूला. मागे दोरी दिसली की समजायचं, या घरात भाड्याने देण्याजोगी खोली आहे. मग मालकाला गाठायचं. तिप्पट भाडं, दहा महिने, बायामाणसं नाहीत, पोरं नाहीत, म्हातारी माणसं नाहीत, भिंतीवर रेघोट्या नाहीत. एवढं म्हटलं की मालक स्वतः पाण्याचा पेला घेऊन येतो. बहुतेक ठिकाणी पंधरा दिवसांत खोली मोकळी होते. कशी होते ते मी विचारत नाही.

आत्ता ज्या खोलीत बसून लिहितोय तीही अशीच मिळाली. चांगली आहे, फक्त एक गंमत आहे. भिंतीत खिळे इतके खाली ठोकलेत की आमच्या सगळ्यांचे गुडघे फुटलेत. आधी कोणीतरी बुटका राहत असणार. आम्ही त्याला ‘बुटकोबा’ नाव ठेवलंय. कोणी कळवळून ओरडला की बाकीचे म्हणतात, बुटकोबाने चावा घेतला.

आणखी एक. आनंदाची बातमी आहे. लाइन आपल्या गावावरून जाणार! २३० नंबरच्या आसपास. मी त्यात थोडी खटपट केलीय. काय केलं ते आत्ता सांगत नाही, झालं की सांगेन. बहुतेक फेब्रुवारीत मी तुमच्या अंगणात उभा असेन आणि तू मला हाकलत असशील.

तुझा,
भिरभिऱ्या

*

रोपवाटिका
२१ नोव्हेंबर

भिरभिऱ्या,

पत्र मिळालं. जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. हात मातीचे आहेत, कागद मळला तर बोलू नकोस. आज चारशे पिशव्या भरल्या, अजून दोनशे आहेत.

तुझ्या खोलीत कोणी बुटका राहत नव्हता. एवढ्या खाली खिळे दप्तरं अडकवायला ठोकतात. आमच्या खोलीतही दोन आहेत, एक थोरलीचा, एक धाकट्याचा. दाजींनी ठोकलेत. तू आलास की छताकडे बघत पडून राहतोस, तुला कुठून दिसणार!

तू आनंदाची बातमी दिलीस. आता माझी ऐक. दोन तारखेला आमच्याकडे एक माणूस येऊन गेला. चष्मेवाला, हातात घडी घातलेला कागद. गावात नवीन माणूस आला की आधी दुकानात विचारतो, मग शाळेपाशी विचारतो. या माणसाने कोणालाच विचारलं नाही. सरळ आमच्या दारात आला. खोली मोजली, मोरी बघितली, नळ सोडून बघितला. आई खाटेवर होती, तिला म्हणाला, “आजी, जरा पाय घ्या,” आणि खाटेखालची जमीन ओली आहे का तेही बघून घेतलं. मग मालकीणबाईंकडे गेला.

संध्याकाळी मालकीणबाई आल्या. एरवी दारातून बोलतात, त्या दिवशी आत येऊन बसल्या. म्हणाल्या, “तुम्ही घरच्यासारखेच गं, म्हणून तर आधी सांगते. डिसेंबरअखेर खोली मोकळी करा. कंपनीची आठ माणसं येणार आहेत.” सात वर्षांत त्या आम्हाला घरच्यासारखं पहिल्यांदाच म्हणाल्या. घरच्यासारखे म्हणजे ज्यांना आधी बाहेर काढता येतं ते, हे मला माहीत नव्हतं.

आरागिरणीत दिवसभर दाजींच्या कानाला करवत असते, घरी आल्यावर त्यांना आवाज नको असतो. रात्री पोरं झोपल्यावर फक्त म्हणाले, “कुठे जायचं?” जसं काही मी पत्ता लपवून ठेवलाय.

मला फार नको. एक दार, आतून कडी लागेल असं, आणि त्या दाराच्या आत आम्ही पाच जण. शाळा आणि रोपवाटिका पायी गाठता आली पाहिजे, कारण गाडीला पैसे घातले तर मग खायचं काय? एवढंच. तू गावोगाव खोल्या शोधतोस. मला सांग कशी शोधायची.

आई म्हणाली, तू जाड झालास ते खोटं आहे.

ताई

*

टॉवर क्रमांक १५१ जवळ
४ डिसेंबर

ताई,

काम १५१ वर सरकलं, खोली मात्र तीच. या वेळी पत्र मिळाल्यापासून नऊच दिवसांत लिहितोय, बघ. सुधारलो.

हे काय ऐकतोय मी! मालकीणबाई असं करतील असं वाटलं नव्हतं. माझ्या विनोदांना किती हसायच्या. पण तू घाबरू नकोस, खोल्यांचं माझ्यावर सोड, यात मी आता मुरलोय. एक, आपल्या गावात कुलूप लावलेली घरं कितीतरी आहेत. शहरात गेलेल्यांची. मी मागे मोजली होती, पंधरा. मालकांना फोन लावायचा, गोड बोलायचं. दोन, पंचायतीने त्या बारा खोल्या बांधल्या आहेत ना, हातावर पोट असलेल्या भाडेकरूंसाठी? हिरव्या दारांच्या? त्यातली एक माग. त्या तुमच्यासाठीच तर बांधल्यात. तीन, मालकीणबाईंशी पुन्हा बोल. चार, काहीतरी होतंच.

इथे काल मोठी मजा झाली. दोन डोंगरांच्या मधून तार ओढायची होती. आधी एक बारीक दोरी नेतात, मग तिला जाड दोरी बांधतात, मग तिला तार. बारीक दोरी पलीकडे न्यायला एक माणूस दरीत उतरतो आणि पलीकडून चढतो. सगळ्या देशाला वीज देणारी तार, पण सुरुवात एका माणसाच्या कमरेला बांधलेल्या सुतळीने. मी तासभर बघत बसलो. मुकादम ओरडला तेव्हा आठवलं, मला पुढच्या गावाला जायचं होतं.

काय सांगत होतो? हां, खोली. होईल गं. तू फार विचार करतेस, लहानपणापासून तुझं तेच.

जाता जाता विचारतो, त्या चष्मेवाल्याच्या हातातला कागद कसला होता? तो आणखी काही बोलला का? सहज विचारतोय.

आईच्या खोकल्याला ते काळं औषध चालू आहे ना?

भिरभिऱ्या

*

रोपवाटिका
१५ डिसेंबर

भिरभिऱ्या,

तुझ्या चारही वाटा चालून पाहिल्या.

कुलपाची घरं पंधरा नाहीत, एकोणीस झालीत. अकरा मालकांचे नंबर मिळाले. सगळे गोड बोलतात. “घर पडून आहे खरं, पण नको.” भाडेकरू आत आला की निघत नाही, उद्या घरावर हक्क सांगतो, अशी प्रत्येकाला भीती. एकजण म्हणाला, “ताई, घरात माणूस राहिला की घर खराब होतं.” मी विचारलं, मग घर कशासाठी असतं? त्याने फोन ठेवला. त्याच्या ओसरीवर वटवाघळं राहतात. त्यांच्याकडून त्याला भीती नाही.

बारा खोल्या. मी आणि दाजी अर्धा दिवस बुडवून पंचायतीत गेलो. कारकून चांगला आहे, त्याने फॉर्म दिला. फॉर्मला एक कागद जोडायचा असतो, सध्याच्या मालकाची सही की हे माझ्याकडे भाड्याने राहतात. मालकीणबाई म्हणाल्या, “मी अशी सही केली तर मला घराचा जादा कर लागेल. कागदावर तुम्ही माझ्याकडे राहतच नाही.” म्हणजे सात वर्षं आम्ही कुठेच राहत नव्हतो. जिथे राहत नव्हतो तिथून आता निघायचंय.

तरी फॉर्म तसाच दिला. कारकुनाने घेतला आणि हळूच म्हणाला, “खोल्या बघून या एकदा.” बघितल्या. हिरव्या दारांतून डोकावलो. आत गवतात गुंडाळलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या बशा, जमिनीपासून छतापर्यंत. तुमच्या तारांना लावतात त्या. नळाची जोडणी झाली नाही म्हणून माणसांना देता येत नाहीत, तोवर कंपनीला गोदाम म्हणून दिल्यात. बशांना पाणी लागत नाही. दाजी मोजत होते, एका खोलीत किती बशा मावतात. मी म्हटलं चला.

आता एकच उरलंय. वीटभट्टीच्या मागे एक खोली आहे, वरती सिमेंटचा पत्रा. मालक म्हणतो चार माणसं. पाचवं नको. म्हातारं तर नकोच, आणि खोकणारं असेल तर बोलायलाच नको. त्याने मला विचारलं, “किती जण?” मी क्षणभर गप्प राहिले. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. मग म्हटलं, पाच.

चष्मेवाल्याच्या कागदाबद्दल विचारलंस. कागद होता. वहीचं पान होतं.

माझं एक काम कर. आयुष्यात तुला मी काही सांगितलं नाही. तुझा मुकादम आणि इथे येणारी टोळी एकाच कंपनीची ना? त्याला सांग, या घरातली ही एक खोली सोडा. आठ माणसांना दुसरीकडे जागा मिळेल, ती कोणालाही चालतात. आम्हाला मिळत नाही. एकतीस तारखेच्या आत सांग. एवढं एक कर.

ताई

*

रोपवाटिका
२९ डिसेंबर

भिरभिऱ्या,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं आईला सांगितलं.

परवा निघायचं आहे. भांडी बांधली. थोरली विचारते, खिळे काढून न्यायचे का?

ताई

*

टॉवर क्रमांक १५१ जवळ
६ जानेवारी

ताई,

दोन्ही पत्रं पोचली होती. पेनही होतं.

पंधरा तारखेचं पत्र वाचून मी त्याच संध्याकाळी मुकादमाच्या तंबूपाशी गेलो. तो हिशेब करत होता. “काय रे?” म्हणाला. मी म्हणालो, १६३ च्या वाटेवर पूल खचलाय, ट्रक जाणार नाही. तो म्हणाला बरं. मी परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि नवीन दोरखंडाबद्दल बोललो. असे सहा दिवस मी मुकादमाशी इतक्या कामाच्या गोष्टी बोललो की तो माझ्यावर खूश झाला. जे बोलायला गेलो होतो ते बोललो नाही. कारण ते बोललो असतो तर त्याने विचारलं असतं, ही खोली यादीत घातली कोणी?

ती मी घातली ताई.

ऑक्टोबरात मुकादमाने विचारलं होतं, २३० च्या बाजूला कोणाला माहिती आहे? मी हात वर केला. म्हटलं आपलं गाव, आपणच पुढचा माणूस म्हणून जाऊ, तुमच्याजवळ राहू, आईला बघू. वहीचं पान फाडून गावाचा नकाशा काढला. कुठे पाणी चांगलं, कोणाचा कुत्रा चावतो, सगळं. मालकीणबाईंच्या घरावर फुली मारली आणि लिहिलं, दोन खोल्या, नळ आत, मालकीण चांगली. मला यादीत फक्त ती बाजूची रिकामी सामानाची खोली द्यायची होती. मालकीणबाईंना चार पैसे मिळतील, तुझ्याशी जास्त गोडीने वागतील, असा माझा हिशेब. मग दोन का लिहिलं? मी स्वतःला हजारदा विचारलंय. उत्तर एवढंच आहे की दोन आहेत. कितीतरी महिने मी खोल्या मोजतोय ताई. आत कोण आहे ते मोजायची सवय गेली. हात आपोआप चालला. मुकादमाने पान घेतलं आणि मला न सांगता चष्मेवाल्याला पाठवलं.

आज सांगतोय, कारण काल एक माणूस दारात आला. चाळिशीचा, डोक्यावर सिमेंटची धूळ. आत येईना. म्हणाला, “साहेब, आम्ही आधी इथे राहायचो. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर हाच पत्ता दिलाय. पत्र आलं तर टाकू नका, ठेवा. मी दर सोमवारी येऊन विचारीन.” मला साहेब म्हणाला. मी विचारलं, आता कुठे राहता? त्याने हाताने लांब कुठेतरी दाखवलं, तिकडे शेतंच आहेत. जाताना त्याची नजर भिंतीवर गेली. म्हणाला, “खिळे आहेत अजून.” टोळीतले सगळे आत बसले होते. बुटकोबाचं नाव कोणी काढलं नाही.

आज सकाळी मुकादमाला सगळं सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, “तुझी बहीण राहत होती तर पानावर लिहायचं होतंस. आता करार झाला, माणसं जाऊन राहिली.” मग म्हणाला, “१६३ कडे कधी निघतोस?”

मला शिव्या दे. शिव्या देणारं पत्र आलं तरी चालेल. तुम्ही कुठे आहात ते कळव. आई कुठे आहे?

भिरभिऱ्या

*

रोपवाटिका
१७ जानेवारी

भिरभिऱ्या,

मला माहीत होतं.

दोन नोव्हेंबरलाच. चष्मेवाल्याने मोरी बघताना पान माझ्या हातात दिलं, “जरा धरा,” म्हणून. नकाशा होता. लहानपणापासून तू कुठलंही घर काढलंस की दाराशी झोपाळा काढतोस, आणि झोपाळ्यावर दोन वेण्यांची मी. आमच्या अंगणात झाड नाही, झोपाळा नाही. तरी पानावर होता. मी होते त्याच्यावर. वेण्या हवेत. मला काढलंस आणि खाली लिहिलंस, दोन खोल्या.

पान त्याला परत दिलं. घरी कोणाला सांगितलं नाही. दाजींना आजही माहीत नाही. दोन महिने मी वाट बघत होते, तू कधी लिहितोस. खोली गेली ती गेली, त्यावर आता बोलत नाही. पण प्रत्येक पत्र उघडताना वाटायचं, यात असेल. मग तारेची गोष्ट असायची, नाहीतर स्वयंपाक्याची. शिव्या हव्या आहेत तुला. त्या दिल्या की तुझं पोट मोकळं होईल. देत नाही.

आम्ही वीटभट्टीमागे आहोत. चौघं. दिवसभर धूर येतो, धाकट्याचे डोळे लाल असतात. खिडकी उघडायची नाही एवढंच, एरवी ठीक. शाळा दीड तास. थोरलीने परवा विचारलं, मी शाळा सोडून पिशव्या भरायला आले तर दुसरी खोली मिळेल का? बारा वर्षांची आहे. मी नाही म्हटलं. पण लगेच नाही म्हटलं.

आई रोपवाटिकेत आहे. रखवालदाराच्या बायकोने अवजारांच्या खोपीत तिला जागा करून दिली, फावड्यांच्या बाजूला. मी दिवसा असतेच. संध्याकाळी तिला तिथे ठेवून निघते. ती म्हणते, “जा गं, मी काय पळून जाते?” रोपवाटिकेच्या मालकाने अजून बघितलेलं नाही. खोकला आला की ती तोंडात पदर कोंबते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आपल्या आईने, जी गल्लीच्या टोकावरून हाक मारायची आणि तुला दुसऱ्या गल्लीत ऐकू यायचं.

आई तुझ्यावर रागावलेली नाही. तिला मी सांगितलं, काहीतरी सांगावं लागलं. ती म्हणाली, “तो लहान आहे.” तू चोवीस वर्षांचा आहेस. तुझ्या पाकिटामागचा पत्ता ती थोरलीकडून वाचून घेते, एकदा नाही, दोन-तीनदा. कुठली गाडी, कुठून वळायचं, तेही विचारते. तुझी आठवण काढते बिचारी.

तू येऊ नकोस. आलास तर बसायला जागा नाही.

ताई

*

टॉवर क्रमांक १५१ जवळ
२४ जानेवारी

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन तीन दिवस फिरतोय. १६३ कडे गेलोच नाही. मुकादमाला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. इथेच आसपासच्या गावांत खोली शोधतोय, पाच जणांसाठी. सहा म्हण, मी बाहेर झोपेन.

तीच गावं आहेत, तीच दारं. टोळीसाठी गेलो होतो तेव्हा पाण्याचा पेला मिळाला होता. एका बाईने तर उशीला नवीन खोळ घातली होती. आता म्हणतो, कुटुंब आहे, दोन पोरं, एक म्हातारी. दारातूनच मान हलते. एकाने ओळखलं मला. म्हणाला, “अहो, तुम्हीच तर सांगितलं होतंत, कुटुंबाला दिली की कटकट. पटलं होतं मला.” माझीच वाक्यं त्याने मला ऐकवली, एक शब्द न चुकता. मी इतकं चांगलं बोलतो हे मला माहीत नव्हतं.

सतरा दारं झाली. आता मी कपड्यांच्या दोऱ्या बघत नाही ताई. बघवत नाहीत. काल एका घरामागे दोरीवर पोराची एवढीशी चड्डी होती आणि अंगणात आमच्यासारखाच कोणीतरी मालकाशी बोलत उभा होता, दुसऱ्या कुठल्या कंपनीचा. मी त्याला हटकणार होतो. काय म्हणणार होतो कोण जाणे. तो माझ्याकडे बघून हसला, धंद्यातला माणूस म्हणून.

तो सिमेंटवाला परवा सोमवारी आला होता. पत्र आलेलं नव्हतं. मी म्हटलं, बसा. बसला नाही. विचारलं, तुमच्या तिकडे कुठे खोली आहे का हो? तो जायला वळला. मग म्हणाला, “साहेब, चेष्टा करू नका.”

मी हे काम सोडणार. सोडून काय करणार ते विचारू नकोस, मला तेवढं पुढचं दिसत नाही. पण तू आईला त्या खोपीत जास्त दिवस ठेवू नकोस. जानेवारी आहे, जमीन गार असते. माझा जाड कोट पाठवतोय, दोरखंडाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर तुमच्या बाजूला येतो, त्याच्या हाती. तिला सांग, थोडे दिवस. मी खोली बघतो आणि मग

थांब जरा. ट्रकच आला वाटतं. आज त्याचा वार नाही.

ताई, मी पुन्हा लिहायला बसलोय.

ड्रायव्हरने आधी वरून एक वळकटी खाली दिली. मग एक पिशवी. मग केबिनमधून हात देऊन हळूहळू कोणाला तरी उतरवलं. मला वाटलं त्याची कोणी असेल. म्हणाला, “फाट्यावर बसल्या होत्या, कालपासून. हे पाकीट दाखवत होत्या सगळ्यांना.” माझं पाकीट. पत्त्याची बाजू घडीवर फाटलीय.

आई आहे. तू शोधत असशील, शोधू नकोस. आई इथे आली आहे.

माझ्याकडे बघून म्हणाली, “जाड कुठे झालास?” मग आत आली. टोळीतले पाचजण उठून उभे राहिले, काय करावं कोणाला कळेना. तिने सगळी खोली एकदा बघितली आणि विचारलं, “इथे पोरं राहत होती ना? कुठे गेली?”

मालक अंगणात येऊन उभा आहे. दारातून मला विचारतोय, “ही कोण? किती दिवस?” या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी इथे आलो त्या दिवशीच त्याला देऊन ठेवली होती: म्हातारी माणसं नाहीत, दहा महिने. त्याला ती आठवतायत, चेहऱ्यावरून कळतं.

आईला ऐकू गेलेलं नाही. ती पिशवी अडकवायला जागा बघते आहे. पाठ इतकी वाकलीय तिची, मी बघितलंच नव्हतं. खिळे बरोबर तिच्या हाताशी आले.